दारात लोंबत्या फांद्यांचं, बारमाही हिरवं झाड पाहिजे. लातूरकडं काय टिकेल?

मांजराकाठ
रामराम मंडळी. लातूरला रिंग रोडच्या पलीकडं घर झालं, वास्तुशांती उरकली, आता पुढच्या मोकळ्या जागेत एकच पण चांगलं झाड लावायचंय. प्लॉट 40 बाय 60, पूर्वेला साधारण 15 फूट जागा सुटलीय, कंपाउंड वॉल आहे, वरून विजेची तार जात नाही. मागच्या सुट्टीत काश्मीरला गेलतो, तिथं दल लेकच्या कडेनं झाडं बघितली, फांद्या पार पाण्यापर्यंत लोंबायल्या होत्या, तेव्हापासून बायकोनं धोशा लावलाय की दारात असलंच झाड पाहिजे. अटी इतक्याच की बारा महिने हिरवं राहावं, रोज अंगण झाडायची वेळ येऊ नये आणि बोअरच्या पाण्यावर जगावं. माती काळी आहे, तीन फुटांखाली पांढरी चुनखडी लागते. पाणी इतकं जड की बादलीला पांढरे चट्टे पडतात. नर्सरीवाला म्हणायला तेच झाड, विलो, मागवून देतो, 1500 रुपये. घेऊ का?

पिंट्या_परळी
1500 ला विलो? त्यात मी दोन कडुनिंब, एक चिंच आणि वर चहा देतो.

बालाघाटी
भाऊ, घेऊ नका. एक तर विलो बारमाही हिरवा नाही. तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलात म्हणून हिरवा दिसला, जानेवारीत जाऊन बघा, नुसत्या काड्या लोंबत असतात. दुसरं म्हणजे ते पाणथळ जागेचं झाड, त्याचे पाय सतत ओलीत पाहिजेत, आणि ओल नाही मिळाली की मुळं ड्रेनेजचा पाइप हुडकत जातात. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पिलेली माणसं आपण, आणि दारात विलो लावायचा? मे महिन्यात 42-43 च्या उन्हात त्याची पानं कडेनं करपून कागद होतील. पैसे ठेवा, ठिबकला लागतील.

वैजूताई
एवढं काय डोकं लावायलेत, अशोक लावा की. सरळ उंच जातो, फांद्या खोडाला चिकटून खाली येतात, बारा महिने हिरवा, जागा चार-पाच फुटांच्या वर खात नाही. आमच्या परभणीत निम्म्या घरांपुढं आहे, सणावाराला तोरणाला पानं घरचीच. मुळं वड-पिंपळासारखी भिंत उचलत नाहीत. आणि कुणाच्या नर्सरीत नाही असं होतच नाही.

शिस्तीत_असावं
झालं, आला अशोक. शाळा, दवाखाना, मंगल कार्यालय, कलेक्टर ऑफिस, जिथं बघावं तिथं तेच हिरवे खांब. एक तरी घर वेगळं दिसू द्या. आणि हा खरा अशोक नव्हेच, हे लोकांना कधी कळणार? रामायणातला सीतेचा अशोक वेगळा, त्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. हा आसुपालव.

वैजूताई
बरं बाबा, आसुपालव. सावली बदलते का नाव बदलल्यावर? आणि सीतेचा अशोक लावा म्हणत असाल तर आधीच सांगते, त्याला दमट हवा आणि थोडी आडोशाची जागा लागते, घाटातल्या ओढ्यांकाठचं झाड ते. आपल्याकडची एप्रिलची गरम वावटळ त्याला सोसत नाही. माझ्या बहिणीकडं आहे, विहिरीजवळ, आंब्याच्या सावलीत, म्हणून जगलाय. त्याची नवीन पालवी मात्र बघण्यासारखी असते, तांबूस आणि मऊ, पाठीचा कणाच नसल्यागत लोंबते, नंतर हिरवी होऊन ताठ होते.

गोदाकाठची
आसुपालवाला नावं ठेवणाऱ्यांसाठी थोडंसं. हे सीताफळाच्या कुळातलं झाड आहे, म्हणजे बीडच्या सीताफळाचं लांबचं भावकीतलं. मार्चच्या सुमाराला बारीक पाहिलं तर पानांच्या आड फिकट हिरवी, सहा अरुंद पाकळ्यांची फुलं दिसतात, पानांत इतकी मिसळून जातात की वर्षानुवर्षं झाड दारात असलेल्या लोकांनाही माहीत नसतं. पावसाळ्याच्या तोंडाला जांभळी-काळी फळं पिकतात, कोकिळा आणि वटवाघळं त्यावर तुटून पडतात. आणि टेल्ड जे नावाचं काळ्यावर हिरव्या ठिपक्यांचं फुलपाखरू याच्याच कोवळ्या पानांवर अंडी घालतं. आमच्या पैठणच्या घरी दर पावसाळ्यात त्याच्या अळ्या सापडतात, हिरव्यागार, पुढून फुगीर. औषध मारू नका एवढीच विनंती, झाडाला त्यांनी काही होत नाही.

शिस्तीत_असावं
वटवाघळं. छान. सकाळी गाडीवर जांभळे डाग पुसायचे आणि बिया झाडायच्या. धागाकर्त्याची "रोज अंगण झाडायला नको" ही अट कुणी वाचली का?

मांजराकाठ
वाचतोय सगळं. गाडी तिथंच लागती, हे खरं.

नांदेड_ते_सिएटल
मी मूळ नांदेडचा, सध्या इकडं. इथं लोकांना लोंबत्या सदाहरित झाडांचं भयंकर वेड आहे, पण ती सगळी सूचिपर्णी. अलास्का सीडर म्हणून एक आहे, प्रत्येक दुसऱ्या घरापुढं दिसतं, मधलं खोड उभं आणि फांद्या पार गळून गेलेल्या. अ‍ॅटलास सीडरचा निळसर लोंबता प्रकार आहे, मूळ झाड मोरोक्को-अल्जीरियाच्या डोंगरांतलं. हे प्रकार कलम करूनच मिळतात, आणि त्या निळ्या अ‍ॅटलासला तर स्वतःचा कणाच नसतो, लहानपणी बांबूला बांधून जेवढं वर न्याल तेवढंच उंच होतं, बांधायचं सोडलं की जमिनीवर सरपटायला लागतं. आमच्या शेजाऱ्यानं तो आडवा नेऊन दाराची कमान केलीय. इथली हवा गार, जमीन आम्लधर्मी, त्यामुळं चालतं. यातलं एकही झाड लातूरला लावायच्या भानगडीत पडू नका, ऑनलाइन फोटो बघून कुणी ऑर्डर करेल म्हणून सांगतोय. काश्मीर सायप्रस म्हणूनही एक विकतात, दिसायला फारच देखणं, पण ते काश्मीरचं नाहीच, भूतान-अरुणाचलकडचं आहे, त्याला पाऊस आणि धुकं लागतं. देवदारही हिमालयात दीड हजार मीटरच्या वरचा गडी.

पण बांबूची गोष्ट मात्र आपल्याकडच्या लोंबत्या झाडांनाही लागू आहे, त्यावर कुणीतरी लिहा.

परभणीकर
झाड कुठलंही लावा, आधी जमिनीचं बघा. तुमच्या मातीत दोन भानगडी आहेत आणि दोन्ही नर्सरीवाला सांगणार नाही.

पहिली, काळी माती फुगते आणि आकसते. पावसाळ्यात फुगून पाणी धरून बसते, एप्रिलमध्ये भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात नवीन झाडाची बारीक मुळं ताणून तुटतात आणि उरलेली उघडी पडून वाळतात. लोक म्हणतात पाणी देऊनही झाड गेलं. पाणी दिलेलं सगळं भेगेतून खाली गेलेलं असतं. भेग दिसली की भुसभुशीत माती लोटून बुजवायची, मग पाणी, मग वरून उसाचं पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड. खोडाला चिकटवून नाही, वीतभर लांब, नाहीतर वाळवी आलीच समजा.

खड्डा आता उन्हाळ्यात घ्या आणि तापू द्या. तीन फूट रुंद पुरे. ओल्या काळ्या मातीत खड्डा घेतला तर फावड्यानं भिंती चोपून चकचकीत होतात, मुळं त्या भिंतीला धडकून आतल्या आत गोल फिरतात, म्हणून भिंती कुदळीनं खरवडून खडबडीत करायच्या. खाली पांढरा थर लागला तर पहारीनं फोडून पाणी ओतून बघा, रात्रभरात जिरलं पाहिजे. भरताना तीच माती, दोन-तीन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. बाहेरून लाल माती आणून खड्डा भरायची जी फॅशन आलीय ती काळ्या रानात करू नका. सप्टेंबरच्या झडीत आजूबाजूचं पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते, झाड त्यात बुडून सडतं. झाड जमिनीपेक्षा वीतभर उंचवट्यावर लावा, आळं बाहेरून करा.

दुसरी भानगड चुनखडी. माती खाली-वर घेऊन त्यावर लिंबू पिळा, फसफसलं तर चुना भरपूर आहे. तसल्या जमिनीत लोह असून झाडाला मिळत नाही. कोवळं पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या, हे दिसलं की तेच. माती परीक्षण करून घ्या, सामू (पीएच) आणि चुनखडी दोन्ही बघायला सांगा.

मांजराकाठ
बापरे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. लिंबू पिळलं आत्ताच. वरच्या मातीला थोडं, खालच्या पांढऱ्याला तर सोड्यागत फेस आला. आरओ फिल्टरचं जे वाया जाणारं पाणी निघतं ते झाडाला घातलं तर चालंल का? आणि वॉशिंग मशीनचं?

परभणीकर
आरओच्या त्या पाण्यात बोअरमधलेच क्षार आणखी दाट होऊन येतात. एकाच झाडाच्या बुडात रोज तेच ओताल तर पांढरा थर चढणार. फरशी पुसा, गाडी धुवा. साबणाच्या पाण्यात सोडियम, काळ्या मातीला ते सगळ्यात वाईट, माती चिकट होऊन पाणी जिरायचं बंद होतं. त्यापेक्षा गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा पाइप आळ्याच्या बाजूला काढा, वर्षातून एकदा मुळाशी साठलेले क्षार धुऊन निघतील.

आबा_उदगीर
बॉटलब्रशचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? लोंबता बॉटलब्रश, लाल फुलांचा. बाईसाहेबांना काश्मीरचं जे दिसलं त्याच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्याकडं हेच. बारीक लांब पानं, फांद्या खाली, 15-20 फुटांत खेळ खतम, फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक फांदीच्या टोकाला लाल ब्रश. शिंजीर सकाळी सातला हजर असतात, फुलाला उलटे लटकून रस पितात. माझ्या अंगणात आहे, बारा महिने हिरवं, पान गळतं पण बारीक, वाऱ्यानं निघून जातं.

शिस्तीत_असावं
परदेशी झाड.

आबा_उदगीर
हो, ऑस्ट्रेलियाचं. मिरची पण परदेशीच, जेवणातून काढली का?

बालाघाटी
आबा, बॉटलब्रश चांगला आहे पण एक सांगायचं राहिलं. लोक त्याला दुष्काळी झाड समजतात कारण मोठं झालं की पाणी ताणतं. मूळ जागी, क्वीन्सलँड-न्यू साउथ वेल्सकडं, ते ओढ्या-नद्यांच्या कडेनं वाढतं. म्हणून पहिले दोन उन्हाळे त्याला उपाशी ठेवता येत नाही. आणि चुनखडीत तर हमखास पिवळं पडतं. अंबाजोगाईत एका कॉलनीत रांगेनं लावलेले बघा, ज्या बाजूला भराव मुरमाचा आहे तिकडं हिरवेगार आणि पांढऱ्या पट्ट्यावरचे सगळे लिंबाच्या सालीच्या रंगाचे.

परभणीकर
बरोबर. पण त्याला उपाय आहे. हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकून चुनखडीत काही होत नाही, दोन-चार दिवसांत ते लोह परत बांधलं जातं. दुकानात चिलेटेड लोह, म्हणजे मातीत बांधलं जाऊ नये असं धरून ठेवलेलं लोह, मागितलं की बहुतेक जण इडीटीए हातात देतात, ते पिवळसर असतं, सामू 7 च्या पुढं गेला की त्याचाही जीव जातो. इडीडीएचए मागा. महाग असतं पण चुनखडीत तेच टिकतं. भुकटी गडद, पाण्यात टाकली की पाणी रक्तासारखं लाल होतं, ओळखायला सोपं. आळ्यात ओलीवर द्यायचं. फवारणी करायची तर लिटरला 5 ग्रॅम हिराकस, त्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. फवारणीनं आहे ती पानं हिरवी होतात, पुढची पालवी परत पिवळीच येऊ शकते. जिप्सम टाका म्हणून कुणी सांगेल, ते चोपण, म्हणजे सोडियमनं चिकट झालेल्या जमिनीचं औषध, चुनखडीवर त्याचा उपयोग नाही.

वैजूताई
म्हणजे लोह देत बसा, फवारत बसा. आसुपालवाला ही कटकट नाही हो.

मोत्यांची_माळ
सासूबाई म्हणतात दारात लोंबतं झाड नको, घरातली बरकत खाली येते. खरं असतं का काही?

पिंट्या_परळी
आमच्याकडं द्राक्षाचे घड खालीच लोंबतात, बरकत भावावर ठरती.

बालाघाटी
मी तिसरंच नाव घेतो. पुत्रंजीव. काही जण पुत्रवंती म्हणतात. आपल्याच देशाचं, बारमाही हिरवं, गडद चकाकणारी पानं, आणि फांद्यांची टोकं आपसूक खाली झुकतात, बॉटलब्रशइतकी नाही पण लांबून बघितलं की सगळं झाड खाली उतरत आलंय असं दिसतं. बियांची माळ करून लेकरांच्या गळ्यात घालायची पूर्वी पद्धत होती, नाव त्यावरूनच. नर-मादी झाडं वेगळी असतात, नर निघालं तर फळांचा कचराच नाही, पण रोपात ओळखता येत नाही, नशिबाचा भाग. वाढतं सावकाश. तुम्हाला दारात आज लावून परवा सावली पाहिजे असेल तर हे नाही. लेकरांच्या लग्नात मांडव त्याच्या सावलीत घालायचा असेल तर हेच.

गोदाकाठची
पुत्रंजीवाला अनुमोदन. जुन्या सरकारी बंगल्यांच्या, रेल्वे क्वार्टरच्या आवारात बघायला मिळतात. तिथं कोण पाणी घालतंय? तरी उभी आहेत.

हिंगोलीचा_पाव्हणा
वीपिंग फायकस कुणी सुचवलं नाही म्हणून विचारतो, कुंडीत फार छान दिसतं, तेच जमिनीत लावलं तर?

परभणीकर
कुंडीतच राहू द्या. वडाच्या जातीचं आहे. 15 फूट जागेत घराचा पाया आणि पाण्याची टाकी दोन्ही शोधून काढील.

मांजराकाठ
घरात बैठक झाली. बायकोला फोटो दाखवले, तिला बॉटलब्रशच पसंत, पुत्रंजीव मला आवडला. तर असं ठरवायलोय की पुढं गेटच्या उजव्या अंगाला बॉटलब्रश, तिकडं बांधकामाच्या वेळचा मुरूम पडलाय, चुनखडी लांब आहे. आणि मागच्या बाजूला, जिथं घाई नाही, तिथं पुत्रंजीव. आसुपालव वगळला, गाडीमुळं. वैजूताई, राग मानू नका. आता सांगा, रोप केवढं घ्यावं, भिंतीपासून किती लांब, आणि ते बांबूचं काय ते.

वैजूताई
राग कशाचा. गाडी विकली की लावा.

आबा_उदगीर
ऐका. रोप दोन-अडीच फुटांचं घ्या, आठ-दहा फुटांचं दिमाखदार रोप नका घेऊ. मोठ्या रोपाची मुळं पिशवीत गोल गोल फिरून गाठ झालेली असतात, ते दोन वर्षं जागेवर रुसून बसतं, तेवढ्यात लहान रोप त्याच्या पुढं जातं. पिशवी काढून बुडाशी बघा, मूळ गोल फिरलेलं दिसलं तर उलगडा नाहीतर ब्लेडनं उभा काप द्या. बियांचं रोप आणि छाट कलमाचं रोप यात फरक पडतो, बियांच्या रोपातून काही झाडं चांगली लोंबतात काही अर्धवट ताठ राहतात. म्हणून ज्या झाडाची फांदी तुम्हाला आवडली त्याच झाडाची छाट कलमं कुणाकडं मिळतात का बघा.

भिंतीपासून 7-8 फूट, कमी नको. लोंबतं झाड रुंदीला हिशेबापेक्षा जास्त जागा मागतं कारण फांदी आधी बाहेर जाते मग खाली येते. गेटजवळ लावलं आणि जागा कमी पडली की मग येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यात पानं जातात, कुणीतरी कात्री घेतं आणि खालून सरळ रेषेत कापून टाकतं. शाळेतल्या पोराचा बाऊल कट झाल्यागत दिसतं ते झाड, आणि त्याचं सगळं रूप गेलं. कापायचं तर आतल्या बाजूला, जिथून फांदी फुटलीय तिथून पूर्ण काढा, मधे तोडू नका.

बांबू पहिल्या पावसाळ्यातच लावायचा. सगळ्यात सरळ आणि दमदार एक शेंडा निवडा, तो बांबूला सुती चिंधीनं सैल बांधा, तारेनं आणि नायलॉन दोरीनं नाही, ती सालीत रुतते. दोन-तीन महिन्यांनी गाठ सोडून वर सरकवा. शेंडा सात-आठ फूट गेला की सोडून द्या, मग त्याला जिकडं झुकायचं तिकडं झुकू दे. हे केलं नाही तर बॉटलब्रश बुडापासून झुडूप होतो. वळवाच्या वाऱ्यात बांबू मोडतो म्हणून वाऱ्याच्या अंगाला रोवा.

फुलं संपली की ब्रशच्या मागं थोडं छाटलं तर पुढची फूट दाट येते. नाही छाटलं तर फांदीवर बारीक टणक बोंडं तशीच चिकटून राहतात, वर्षानुवर्षं पडत नाहीत, आणि त्याच्या पुढून फांदी परत वाढते. एक फांदी हातात घेतली तर मागच्या किती बहारांची बोंडं आहेत ते मोजता येतं. मी छाटत नाही, मला ती बोंडं आवडतात.

मांजराकाठ
आबा, तुमच्याच झाडाच्या फांद्या मिळतील का मग?

आबा_उदगीर
या की. पाऊस लागल्यावर या, कोवळ्याही नाही आणि पार जून पण नाही अशा पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या काढून देतो. येताना ओलं पोतं आणा, लातूरला पोहोचेपर्यंत सुकायला नको. सगळ्या लागत नाहीत, चार लावल्या तर एखादी धरते, म्हणून जास्तच न्या.

पिंट्या_परळी
आबा, मला पण.

शिस्तीत_असावं
मला पण दोन. परदेशी आहे तरी.

परभणीकर
सगळ्यांनी खड्डा आधी घ्या. मृगाच्या पहिल्या सरीत घाई करू नका, वीतभर ओल गेली की नाही ते खुरपं घालून बघा, मग लावा.